हिंगोली ते काठमांडू: मुक्काम मोजून आखलेली वाट

परदेश पाहिलेली माणसे हिंगोली जिल्ह्यात पूर्वीपासून आहेत, फक्त त्या प्रवासाला कोणी परदेशवारी म्हटले नाही. काशी-प्रयाग करून आलेली आजी गंगेचा गडू देवाजवळ ठेवायची, मावंद्याला भावकी बोलवायची आणि वाढता वाढता सांगायची, "पशुपतिनाथाचंबी दर्शन झालं बरं का." काशीच्या पुढे गोरखपूर, गोरखपूरच्या पुढे सोनौली, आणि सोनौलीची कमान ओलांडली की नेपाळ. सात-आठ जणांचे कुटुंब, गावातून किंवा हिंगोलीच्या स्टँडजवळून ठरवलेली एक गाडी, वाटेत आठ-दहा ठिकाणे आणि मध्ये एक आंतरराष्ट्रीय सीमा. आपल्याकडची सर्वांत जास्त घडणारी परदेश सहल ही अशी असते.

या वाटेवर दोन भाविक कुटुंबे एकमेकांच्या मागेपुढे चालतात. औंढ्याच्या नागनाथाला मानणारे घर ज्योतिर्लिंगे करत करत पशुपतिनाथाला जाते. बौद्ध घर सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनीसाठी निघते. गोरखपूरपर्यंत आणि पुढे सीमेपलीकडच्या भैरहव्यापर्यंत रस्ता दोघांचा जवळपास तोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. परतताना ते काशी, सारनाथ आणि कुशीनगरला गेले. हयातीतल्या शेवटच्या काही आठवड्यांतला हा प्रवास. आजही कळमनुरी-वसमतकडून निघणारी कितीतरी कुटुंबे या गावांची नावे याच आठवणीने घेतात.

अशा प्रवासाची आखणी कशी करावी, हे मला सांगायचे आहे. त्यासाठी मोबाइलवरच्या नकाशाआधी एका जुन्या गोष्टीकडे बघू. शेगावची गजानन महाराजांची पालखी दरवर्षी आपल्या जिल्ह्यातून पंढरीला जाते. पानकन्हेरगावला ती जिल्ह्यात येते, मग सेनगाव, नरसी, औंढा, जवळा बाजार. पालखी कुठे आहे असे विचारले, तर वारकरी किलोमीटर सांगत नाही. तो मुक्कामाचे नाव सांगतो, "आज नरसीला, उद्या औंढ्याला." दुपारचा विसावाही ठरलेला असतो. शेकडो माणसे महिनाभर पायी चालतात आणि तरी कोलमडत नाहीत, कारण रात्री कुठे टेकायचे हे आधी ठरते आणि दिवसाची चाल त्यावरून ठरते. गाडीने निघालेले आपले कुटुंब नेमके उलटे करते. आधी ठिकाणांची यादी होते, मग ती यादी मिळालेल्या रजेत कोंबली जाते.

माझ्या ताईच्या घरच्यांनी असेच केले होते. दहा दिवस, अकरा ठिकाणे, सात माणसे आणि एक सात आसनी गाडी. कागदावर सगळे बसत होते. प्रत्यक्षात बुटवल ओलांडून पाल्पाचा घाट सुरू झाला, तशी मागच्या आसनावर बसलेली ताईची सासू पहिल्या तीन वळणांतच उलट्या करू लागली. पाय ठेवायच्या जागी पिशव्या, मांडीवर पिशव्या, खिडकी उघडावी तर धूळ. दाजी पुन्हा पुन्हा नकाशा दाखवत होते, "आता फक्त ९० किलोमीटर राहिलेत." त्या ९० किलोमीटरला पाच तास लागले. पोखऱ्याला पोचले तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते, आणि सकाळी सहाला काठमांडूसाठी निघायचे असल्याने फेवा ताल त्यांनी गाडीच्या काचेतून पाहिला. सासूबाईंना आजही पोखरा म्हटले की ती प्लास्टिकची पिशवीच आठवते. चूक कोणा एकाची नव्हती. रात्री मोजल्याच नव्हत्या.

म्हणून वही घ्या आणि एकाखाली एक फक्त रात्री लिहा. हिंगोलीहून गाडीनेच सगळे करायचे म्हटले, तर माणसाला झेपेल असा हिशोब साधारण असा बसतो. वाशीम-कारंज्याकडून समृद्धी महामार्ग धरून नागपूर, पहिला मुक्काम. सिवनी-जबलपूरवरून मैहर, दुसरा. प्रयागराज तिसरा. काशीला दोन रात्री, त्यात सारनाथ. सहावी गोरखपूर. सातवी लुंबिनी. पोखऱ्याला दोन, काठमांडूला दोन, चितवनच्या जंगलाकाठी सौराहाला एक. तेरावी पुन्हा गोरखपूर, मग प्रयागराज, जबलपूर, नागपूर आणि घर. एकूण १६ रात्री, १७ दिवस. आता या वहीकडे नीट बघा. ज्या नेपाळसाठी निघालो, त्याच्या वाट्याला फक्त ६ रात्री आल्या. प्रयाग-काशीला ३. आणि नुसत्या जाण्या-येण्यात ७ रात्री गेल्या.

रात्री लिहून काढल्यावर डोळे उघडतात ते असे. ठिकाणांच्या यादीत ही गोष्ट कधी दिसत नाही. वही पुढे केली की घरात खरी चर्चा सुरू होते: सगळ्यांना सतरा दिवस आहेत का? मुलांची शाळा, घरची जनावरे, दुकान, कोणाची डायलिसिसची तारीख. नसतील तर गाडी हिंगोलीपासून न्यायची गरजच काय?

गाडीच्या भाड्याचा हिशोबही त्याच बाजूने बोलतो. बाहेरगावच्या भाड्याला गाडीमालक रोजचे किमान किलोमीटर धरतो. ते ३०० आहे असे समजू. हिंगोली ते सोनौली अंदाजे १,३५० किलोमीटर, जाऊन-येऊन २,७००. नेपाळातली फिरती साधारण ७५० धरा. म्हणजे गाडी प्रत्यक्ष पळणार ३,५०० च्या आतबाहेर. पण १७ दिवस गुणिले ३०० म्हणजे ५,१०० किलोमीटरचे पैसे द्यावे लागतील. काशीला गाडी पार्किंगमध्ये उभी असते त्या दिवसाचेही ३००, आणि पोखऱ्याला नावेत बसलो त्या दिवसाचेही ३००. शिवाय चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग आणि राज्या-राज्यांचे कर वेगळे. "किलोमीटरला किती?" एवढेच विचारून ठरवलेले भाडे शेवटी दीडपट होते ते यामुळे. ठरवताना किमान किलोमीटर, रात्रीचा भत्ता, सीमेवरचे शुल्क आणि परवाना कोण भरणार, या चार गोष्टी कागदावर घ्या. व्हॉट्सॲपवरचा साधा संदेशही पुष्कळ, फक्त तो निघण्याआधीचा हवा.

दुसरा मार्ग असा. अकोल्यावरून भुसावळ गाठायचे. भुसावळहून वाराणसी आणि गोरखपूरकडे रेल्वेगाड्या जातात. काशी-प्रयाग रेल्वेने उतरून करायचे आणि गोरखपूरहून नेपाळसाठी स्थानिक गाडी ठरवायची. जाण्या-येण्यातल्या रात्री रेल्वेच्या बर्थवर झोपून जातात, म्हाताऱ्यांना पाय पसरता येतात आणि गाडीचे दिवस सात-आठवर येतात. गोरखपूर-सोनौलीच्या चालकाला सीमेवरचे सोपस्कार पाठ असतात, घाट रोजचा असतो. आपला गावचा चालक कितीही तयार असला, तरी पाल्पाच्या घाटातला सिद्धबाबाच्या दरडीखालचा रस्ता त्याच्यासाठी नवाच असतो. माझे मत विचाराल तर सातपेक्षा कमी माणसे आणि बारापेक्षा कमी दिवस असतील, तर गाडी गावाहून नेऊच नये.

गाडी कुठूनही घ्या, आसने मोजताना माणसांत सामान मिसळा. सात आसनी गाडीत बारा दिवसांच्या कपड्यांसह सात मोठी माणसे बसत नाहीत. कोंबली जातात. अशा गाडीत पाच माणसे सुखाने जातात. सात-आठ जण असाल तर टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. घाटात उलट्या होणाऱ्या माणसाला पुढे किंवा मधल्या ओळीत बसवा, शेवटच्या आसनावर कधीही नको. मागच्या चाकांच्याही मागे बसलेल्याला प्रत्येक वळण दुप्पट लागते. उलटीची गोळी घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. ती अर्धा-पाऊण तास आधी पोटात गेलेली हवी, आणि वयस्कांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

नेपाळातल्या अंतरांबद्दल एक गोष्ट घट्ट धरून ठेवा. डोंगरात तासाला २५ ते ३० किलोमीटरच धरायचे. सोनौली ते पोखरा सिद्धार्थ राजमार्गाने सुमारे १८० किलोमीटर. आपल्याला वाटते हिंगोलीहून अमरावतीला गेल्यासारखे. लागतात सात ते नऊ तास. पोखरा ते काठमांडू २०० किलोमीटर, तोही पूर्ण दिवस, आणि राजधानीत शिरताना नागढुंगाच्या चढावर ट्रकांच्या मागे किती वेळ जाईल याचा नेम नाही. नारायणघाट-बुटवल रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम तर वर्षानुवर्षे रेंगाळले आहे. म्हणून नेपाळात एका दिवशी एकच मोठा टप्पा. पोखरा-काठमांडूच्या दिवशी मध्ये कुरिनटारला मनकामनाचा रोपवे आहे. तिथे दोन तास थांबलात तर तोच विसावा. त्या दिवशी आणखी काही जोडू नका.

हे मी जीव तोडून सांगतो आहे, त्यामागे कारण आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली भारतीय यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ जण गेले. त्यांत बहुतेक आपल्या जळगाव जिल्ह्यातले होते, वरणगाव-भुसावळ भागातले, काशी-अयोध्या करून नेपाळला गेलेले. त्याआधी सहा आठवडेच, १२ जुलैला, नारायणघाट-मुगलिंग रस्त्यावर सिमलताल येथे दरड कोसळून दोन प्रवासी बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या. या रस्त्यांच्या एका बाजूला ठिसूळ डोंगर आणि दुसऱ्या बाजूला नदी आहे. जून ते सप्टेंबर डोंगर पाणी पितो आणि सुटतो. श्रावणात पशुपतिनाथ घडावा ही ओढ मला समजते, पण त्या चार महिन्यांत लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन त्या घाटात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग जावे कधी? आपल्या जिल्ह्याचे कॅलेंडर शेतीचे. हळद जानेवारीपासून निघते, शिजते, वाळते, पॉलिश होते आणि हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात विकली जाते. हातात पैसा येतो तो मार्च-एप्रिलनंतर, म्हणून पुष्कळ घरे मे महिन्यात निघतात. पण मे महिन्यात प्रयाग-काशी-गोरखपूरचा पट्टा भाजत असतो, आणि एप्रिलपासून नेपाळात वणव्यांचा धूर-धुरळा इतका असतो की पोखऱ्याहून हिमालय दिसतच नाही. दुसरी सवड सोयाबीन घरात आल्यावरची, दिवाळीच्या सुट्टीची. हीच सर्वांत चांगली. पाऊस संपलेला, आकाश धुतलेले, थंडी अजून सोसवणारी. सारंगकोटवरून पहाटे ६,९९३ मीटरचा माछापुच्छ्रे सोनेरी होताना दिसतो तो या दिवसांत. फक्त दसरा टाळा. आपल्या हिंगोलीचा दसरा मोठा, पण नेपाळचा दसैं त्याहून मोठा. सरकारी कचेऱ्या बंद, गाड्या भरलेल्या, अख्खा देश आपापल्या गावी निघालेला.

आता कागद. भारत-नेपाळ मैत्री करार १९५० चा, त्यामुळे भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. यावरून आपल्याकडे समज झाला की आधार कार्ड दाखवले की झाले. तसे नाही. १५ ते ६५ वयाच्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. १५ च्या आतली मुले आणि ६५ च्या वरची माणसे यांना आधार, रेशन कार्ड असा फोटो आणि वय दाखवणारा पुरावा चालतो. १५ ते १८ मधल्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचे ओळखीचे पत्र लागते. सोनौलीच्या कमानीत प्रत्येकाला थांबवून कागद बघतातच असे नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण आजी आजारी पडली आणि काठमांडूहून विमानाने परतायची वेळ आली, तर विमानतळावर हाच कागद आडवा येतो.

आणि मतदार कार्डावरचे नाव एकदा चष्मा लावून वाचा. आपल्या घरांतल्या बायकांच्या कागदांवर एका ठिकाणी माहेरचे नाव असते, दुसऱ्या ठिकाणी सासरचे. कुठे "बाई" लागलेले, कुठे गळलेले. जन्मतारीख बहुतेकींची १ जानेवारी. पासपोर्ट, मतदार कार्ड, हॉटेलची नोंद, विमा या सगळ्यांवर एकच नाव असावे, यासाठी चार महिने आधी हात घाला. एका घरात सहा माणसांची तयारी झाली आणि सातव्या माणसाचे कार्ड सापडेना, म्हणून सगळे थांबले, हे मी पाहिले आहे. सातवे माणूस म्हणजे घरातली आई होती. तिचे कागद ठेवायला घरात जागाच कधी ठरलेली नव्हती.

गाडीचे कागदही तितकेच. आरसी, विमा, पीयूसी, परवाना हे मूळ स्वरूपात. गाडी भाड्याची असेल तर मालकाचे लेखी संमतिपत्र, आणि पिवळ्या पाटीच्या गाडीसाठी नेपाळात शिरण्याची वेगळी परवानगी लागते, ती कोण काढणार हे मालकाला आधीच विचारा. स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली गाडी बहुतेक कंपन्या देशाबाहेर नेऊ देत नाहीत. न विचारता नेली तर अपघातानंतर विमा हात वर करतो. विम्याबद्दल आणखी एक बाब फार थोड्यांना ठाऊक असते. आपली मोटार पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. नेपाळ, भूतान, श्रीलंका यांसारख्या शेजारी देशांसाठी थोडा जादा हप्ता भरून पॉलिसीचे भौगोलिक क्षेत्र वाढवून घेता येते. विमा एजंटाला नेमके असेच सांगा, "भौगोलिक क्षेत्र वाढवून पाहिजे." तो कागद सोबत असू द्या.

सीमेपलीकडे पहिली पाटी दिसते ती "भन्सार कार्यालय". भन्सार म्हणजे जकात. गाडी किती दिवस नेपाळात राहणार ते सांगून रोजच्या हिशोबाने शुल्क भरायचे, पावती घ्यायची आणि ती परतताना दाखवायची. सोबत वाहतूक खात्याचा परवाना. दिवस सांगताना एक-दोन जास्त सांगा. दरड पडून रस्ता बंद झाला आणि पावतीवरची तारीख उलटली, तर दंड जबर बसतो. सोनौलीला सकाळी लवकर पोचावे, म्हणूनच आदली रात्र गोरखपूरची ठेवली. दुपारी पोचलात तर सगळा दिवस ट्रकांच्या रांगेशेजारी जातो.

पलीकडे गेल्यावर आपल्या माणसांना एक सुखद धक्का बसतो, पाट्या वाचता येतात. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहिली जाते. मराठी चौथी शिकलेली आजी काठमांडूत "खाजा घर" मोठ्याने वाचते, वळणावरचे "बिस्तारै" म्हणजे हळू, एवढे मात्र तिला सांगावे लागते. घड्याळ मात्र १५ मिनिटे पुढे करा. पैशांत गोंधळ होतो तो वेगळाच. १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी, हा दर कित्येक वर्षे बांधलेला आहे. सीमेजवळच्या भागात, पोखऱ्यात, काठमांडूत भारतीय नोटा चालतात, पण दुकानदार "हजार" म्हणाला की लगेच विचारायचे, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. हा एक प्रश्न न विचारल्याने हजार नेपाळीच्या, म्हणजे सव्वासहाशेच्या, शालीला पूर्ण हजार भारतीय मोजणारी माणसे रोज भेटतात. ५०० च्या नोटांवरून तिथे वाद होत आले आहेत, १०० च्या नोटांचा वाद नाही. खर्चापुरत्या शंभराच्या नोटा घरूनच घेऊन निघा.

लुंबिनीला घाई करू नका, एवढी एक विनंती. पुष्कळ गाड्या तासाभरात मायादेवी मंदिर दाखवून निघतात. तिथे अशोकाचा स्तंभ उभा आहे. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः इथे आला, बुद्धांचा जन्म इथे झाला म्हणून त्याने पूजा केली आणि गावाचा कर कमी केला, असे त्यावर ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इथे आलेल्या एका यात्रेकरूची नोंद आपण उभ्याउभ्या वाचत असतो. कुटुंबाला संध्याकाळी तिथल्या तळ्याकाठी बसू द्या. मुलांना त्या दगडाजवळ नेऊन हे सांगा.

मुक्तिनाथचा मोह पोखऱ्यात होतोच. तो करायचा असेल तर आणखी तीन रात्री वहीत लिहा, नसतील तर सोडून द्या. आपण राहतो सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, मुक्तिनाथ आहे ३,७०० मीटरच्या वर. बेनी-जोमसोमचा रस्ता आपल्या गाडीचा नाही. गाडी पोखऱ्याला हॉटेलात लावा आणि तिथली जीप चालकासह घ्या. वाटेत मार्फा किंवा जोमसोमला रात्र काढून शरीराला उंचीची सवय होऊ द्या. दम्याचा, हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय जाऊ नये. डोके दुखणे आणि मळमळ वाढत गेली, तर देवाच्या दारातूनही खाली उतरावे.

पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली आपली मुले युरोपात स्वतः गाडी चालवत फिरायला जातात, त्यांच्यासाठी थोडे. वहीचा नियम तोच, रात्री आधी. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओ देते आणि तो वर्षभर चालतो. एमएच ३८ चे लायसन्स असेल तर सारथी पोर्टलवरून अर्ज करा. शेंगेन व्हिसा ज्या देशात सर्वांत जास्त रात्री आहेत त्या देशाकडे मागायचा असतो. म्हणजे तिथले सरकारही मुक्कामच मोजते! प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. गाडीची अनामत रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवतात. वडिलांचे कार्ड आणि मुलगा चालक, असे चालत नाही. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली तर जादा आकार मोठा असतो, म्हणून वाट वर्तुळात आखा. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी वर्षाचे ४० फ्रँकचे स्टिकर लागते. इटलीच्या जुन्या शहरांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग आहेत, तिथे कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी हिंगोलीच्या पत्त्यावर येते. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, म्हणून विमानातून उतरल्या दिवशी लांबचा टप्पा नको. आणि आईने दिलेले साजूक तूप नि पेढे घरीच ठेवा, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. शेंगदाण्याची चटणी आणि वसमतची हळद खुशाल न्या.

नेपाळच्या वाटेवर अशी आडकाठी नाही. दशम्या, धपाटे, चटणी तीन-चार दिवस सहज टिकतात आणि पोटही बिघडत नाही. गॅसची टाकी मात्र गाडीत घेऊ नका. स्वयंपाकाची हौस असेल तर धर्मशाळेतली चूल वापरा. फोनमध्ये नकाशे आधीच उतरवून ठेवा, आणि एका कागदावर लिहून आजीच्या पिशवीतही घाला: नेपाळात पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, पर्यटक पोलीस ११४४. भारतीय दूतावास काठमांडूत लैनचौरला आहे.

सर्वांत महत्त्वाचे मी शेवटी ठेवले आहे, कारण निघताना तेच विसरले जाते. आपण धर्मशाळेत गादीवर झोपतो आणि चालक गाडीत पुढचे आसन मागे करून झोपतो. डासांमुळे, थंडीमुळे, येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे त्याची झोप होत नाही. पहाटे चारला आपणच त्याच्या काचेवर टकटक करतो, कारण आरती गाठायची असते. तोच माणूस दुपारी मर्स्यांगदीच्या काठाने आपली सात माणसे घेऊन गाडी हाकणार असतो. गाडी ठरवताना मालकाला सांगा की चालकाच्या खोलीचे भाडे आम्ही देऊ. सोळा रात्रींचे हे पैसे एकूण खर्चात फार नाहीत. वहीत प्रत्येक मुक्कामासमोर माणसांचा आकडा लिहाल तेव्हा सात लिहू नका, आठ लिहा. काशीला दोन रात्री आहेत त्या त्यालाही पूर्ण मिळू द्या. मावंद्याचे आमंत्रण पहिल्यांदा त्याच्या घरी जाऊ द्या.

दिवाळीत निघायचे ठरत असेल, तर मतदार कार्डातल्या दुरुस्तीचा नमुना ८ आषाढीच्या आधीच भरून टाका.